उलगडता येणारं विमान

कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो. त्याची नळी करा, शंकू करा, कडेला हलकी गोलाई द्या, तो निमूट ऐकतो. पण एकीकडे वळलेला असतानाच त्याला आडव्या दिशेनेही वळायला लावलं की सुरकुती पडते किंवा कडा फाटते. कार्डशीटची विमानं रचणाऱ्याचं सगळं शास्त्र आणि बराचसा वैताग एवढ्याशा गोष्टीत सामावलेला आहे. मी बरीच वर्षं हा उद्योग करतो. खऱ्या विमानाची मापं मिळवायची, संगणकावर त्याचा आकार उभा करायचा, तो तुकड्यातुकड्यांनी सपाट उलगडायचा, मग ए-फोर कागदावर छापून, कापून, चिकटवून पुन्हा उभा करायचा. ऐकणाऱ्याला यात संगणकाचं काम मोठं वाटतं. माझं मत जरा वेगळं आहे. संगणक हिशेब करतो आणि फार नेटका करतो. विमान कुठे कापायचं हे मात्र त्याला कळत नाही, आणि या कामात ठरवायचं असतं ते नेमकं तेवढंच.

कापावं का लागतं याचं उत्तर कार्ल फ्रीडरिश गाऊसने 1827 मध्ये देऊन ठेवलं आहे. त्याआधीची काही वर्षं हा थोर गणिती हॅनोव्हर राज्याच्या जमीनमोजणीसाठी टेकड्या-मनोरे पालथे घालत होता. गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवताना काय काय बिघडतं, हे त्याने हातात उपकरण घेऊन पाहिलं होतं. त्याने सिद्ध केलं ते असं: पृष्ठभाग न ताणता, न आकसू देता नुसता वाकवला, तर त्याच्या प्रत्येक बिंदूपाशी असलेली एक राशी कधीच बदलत नाही. त्या बिंदूपाशी सर्वांत जास्त वाक आणि सर्वांत कमी वाक, या दोहोंचा गुणाकार म्हणजे ती राशी. सपाट कागदावर ती शून्य. नळीवर एका दिशेला वाक असतो, लांबीच्या दिशेला नसतो, म्हणजे गुणाकार पुन्हा शून्यच. म्हणून कागदाची नळी होते. शंकूचंही तसंच. चेंडूवर दोन्हीकडे वाक असतो, गुणाकार शून्य येत नाही, म्हणून अखंड कागदाचा चेंडू होत नाही. कितीही ओला करा, कितीही दाबा. कागदाच्या लगद्याचे मुखवटे होतात ते लगदा ताणला जातो म्हणून. कागद ताणला जात नाही.

विमान म्हणजे बव्हंशी नळ्या आणि शंकूच. धडाचा मधला भाग, शेपटीकडे निमुळता होत जाणारा मागचा भाग, पंखांचे लांब पृष्ठभाग, हे सगळं कागदाला मानवतं. नाक, पंखांची टोकं, वैमानिकावरचं काचेचं छत आणि पंख जिथे धडाला मिळतो तो सांधा, ही चार ठिकाणं मानवत नाहीत. दोन-तीन दिवसांत सरळ भाग उलगडून होतात आणि मग या चार ठिकाणी महिना जातो.

या छंदाचं खरं घर मध्य युरोप. पोलंडमध्ये 1957 पासून ‘मावी मोडेलाश’ नावाचं मासिक निघतं. अंकात मजकूर थोडा आणि बाकी सगळे छापील भाग: विमान, जहाज, रणगाडा, जे असेल ते कापून काढायचं. विमानांसाठी 1:33 हे प्रमाण या मासिकाने रूढ केलं आणि तिकडचे लोक आजही त्याच प्रमाणात रचतात. चेकोस्लोव्हाकियातल्या मुलांच्या ‘आबेत्से’ मासिकानेही असेच तक्ते छापून दोन-तीन पिढ्या घडवल्या. प्लास्टिकचे किट महाग किंवा मिळतच नाहीत अशा काळात कात्री आणि डिंक एवढ्यावर विमान होत होतं. तिथले जुने रचनाकार हे सगळं ड्रॉइंग बोर्डावर, शाईने, हाताने उलगडत. आपल्याकडे पदविका किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या प्रत्येकाने ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ नावाचा धडा केलेला असतो. एन. डी. भट यांचं जाडजूड पुस्तक, मिनी ड्राफ्टर, आणि तिरका कापलेला शंकू सपाट करून दाखवण्याचा प्रश्न. परीक्षा झाली की तो धडा जन्मात कुणाच्या उपयोगी पडत नाही अशी सार्वत्रिक समजूत आहे. माझ्या उपयोगी पडला. पत्र्याची नरसाळी आणि हवेचे डक्ट करणारे कारागीर तर तो धडा न वाचताच रोज सोडवत असतात.

मी रचायला घेतलेलं विमान एचटी-2. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळूरला बनवलेलं, 1951 मध्ये पहिल्यांदा उडालेलं, दोन आसनं एकामागे एक असलेलं प्रशिक्षण-विमान. वायुदलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिलं उड्डाण यातच केलं. दीडशेहून जास्त विमानं बनली, त्यांतली काही घानाच्या वायुदलालाही गेली. याचा आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाला. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. 1930च्या दशकात जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारा माणूस. ज्या कारखान्यात घाटगे पुढे काम करत राहिले तो 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन सुरू केलेला. मराठी माणसाने विमानात काय केलं, असं कुणी विचारलं तर एवढं पुरे व्हावं. तरी मराठी घरात घाटग्यांचं नाव निघालं तर समोरचा ‘कोण घाटगे?’ असंच विचारतो, हे मी अनेकदा पाहिलंय. दुकानात स्पिटफायर आणि मुस्टँग हवे तितके मिळतात, म्हणून ते मी घेतले नाहीत.

आणि गंमत म्हणजे गाऊसही गटिंगेनचाच. तिथल्या वेधशाळेचा तो संचालक होता. या योगायोगातून काही निष्कर्ष काढायचा नाही. पण नाकाच्या पाकळ्या जुळवताना रात्री ते आठवलं की बरं वाटतं.

एचटी-2 च्या पंखांचा विस्तार 10.72 मीटर, लांबी 7.53 मीटर. 1:33 मध्ये पंख साडेबत्तीस सेंटीमीटर आणि लांबी तेवीसच्या आतबाहेर. टेबलावर बसेल असं, आणि प्रत्येक पंख ए-फोरवर मावेल असं. सुरुवात तीन बाजूंच्या चित्रांपासून होते: वरून, बाजूने, समोरून. ही चित्रं एकमेकांशी भांडतात. वरच्या चित्रात शेपूट जिथे संपते तिथे ती बाजूच्या चित्रात संपत नाही. स्कॅन करताना कागद किंचित तिरका बसलेला असतो. कुणीतरी जुन्या छायाप्रतीवरून पुन्हा रेघा ओढलेल्या असतात. शिवाय वरून दिसणारा पंख खऱ्या पंखापेक्षा आखूड दिसतो, कारण पंख टोकाकडे वर उचललेला असतो. समजा ही चढण पाच अंशांची असली, तर या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त हरवतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. कागदाच्या मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट पांढऱ्या रेघेसारखी दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

तिन्ही चित्रांत न सापडणारी गोष्ट म्हणजे धडाचा आडवा छेद: वरच्या बाजूला गोल आणि खाली चपटा, की अंडाकृती, की कोपरे मारलेला चौकोन. ते छायाचित्रांतून काढावं लागतं. इथे एक खुबी आहे आणि ती मला फार आवडते. ऍल्युमिनियमच्या पत्र्यावर पडलेल्या उजेडाची चकाकती पट्टी बघायची. पत्रा एकाच दिशेला वळलेला असेल तर ती पट्टी धडाच्या लांबीच्या दिशेने सरळ जाते, कारण त्या रेषेवर सगळीकडे पत्र्याचं तोंड एकाच दिशेला असतं. पट्टी वाकडी झाली, मध्येच फुगली किंवा ठिपक्यासारखी गोळा झाली, की समजायचं, इथे दोन्हीकडे वाक आहे, इथे कागद अडणार. सॉफ्टवेअर हातात घेण्याआधी मी छायाचित्रांच्या प्रिंटवर लाल-निळ्या पेन्सिलीने अशा खुणा करून ठेवतो. निळं म्हणजे कागद जाईल, लाल म्हणजे विचार करावा लागेल. एचटी-2 वर निळं भरपूर आहे. उगाच नाही. पत्राही कागदाचाच भाऊ. एका दिशेला वळवायचा तर रोलरमधून काढला की झालं. दोन्हीकडे वळवायचा तर साचा हवा, प्रेस हवा, हातोडी मारणारा तयार माणूस हवा. शिकाऊ पोरं आपटणार, वाकवणार, आणि दूरच्या तळावर ते दुरुस्त करावं लागणार, अशा विमानात सरळ वळणारे पत्रे जास्त असणं हे शहाणपणाचं, असं माझं मत. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टेबलावर संगणक नव्हता. पण पत्र्याला काय मानवतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेच मी कागदावर वाचत असतो.

विमानउद्योगात हे काम पूर्वी अक्षरशः जमिनीवर चालायचं. जहाजबांधणीतून आलेली पद्धत: मोठ्या दालनाच्या जमिनीवर विमानाचे छेद पूर्ण आकारात आखायचे आणि लवचीक लाकडी पट्ट्या वजनांनी दाबून त्यांतून गुळगुळीत रेषा काढायच्या. दुसऱ्या महायुद्धात नॉर्थ अमेरिकन कंपनीत मुस्टँगचं धड आखताना रॉय लायमिंग याने शंकुच्छेदांची समीकरणं वापरली आणि 1944 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. डोळ्यांनी जुळवलेल्या रेषेच्या जागी गणिताने नेमलेली रेषा आली. आज मी घरी बसून सॉफ्टवेअरमध्ये ‘लॉफ्ट’ नावाचं बटण दाबतो तेव्हा त्या दालनाचंच नाव दाबत असतो.

आता सॉफ्टवेअरविषयी. जपानच्या तामा सॉफ्टवेअरचं पेपाकुरा डिझायनर या क्षेत्रात सर्वांच्या तोंडी असतं. तयार त्रिमितीय आकार द्या, ते उलगडून देतं, चिकटवायच्या पट्ट्या लावतं, कुठली कडा कुठल्या कडेला याचे आकडे घालतं. फुकटातलं हवं असेल तर ब्लेंडर आहे. त्यात सांध्याच्या रेषा खुणावून कागदी भाग काढून देणारं जोड-साधन मिळतं. ऱ्हायनोमध्ये पृष्ठभाग खऱ्या गणिती वक्रांनी बनतो आणि उलगडायची आज्ञा दिली की फक्त उलगडण्याजोगाच भाग तो इमानदारीने उलगडतो. दोन्हीकडे वळलेल्या भागासाठी वेगळी आज्ञा आहे, ती अंदाजे चेपून देते आणि क्षेत्रफळ किती बिघडलं तेही सांगते. मला ही सचोटी आवडते. पेपाकुराचा स्वभाव निराळा. त्याला आकार त्रिकोण-चौकोनांच्या जाळीच्या रूपात लागतो आणि तो निर्विकारपणे प्रत्येक घडी उलगडत जातो. गोल नाकाचं चारशे त्रिकोणांचं जाळं दिलं तर चारशे त्रिकोणांची फाटकी जाळी हातात येते. चूक त्यात एकही नसते. ती चिकटवता मात्र कुणालाच येत नाही.

म्हणून मी धडाचे आधी कप्पे पाडतो. दर दोन-अडीच सेंटीमीटरवर एक आडवा छेद. दोन छेदांमधला पृष्ठभाग सरळ रेषांनी जोडलेला, म्हणजे उलगडण्याजोगा. असा एक कप्पा जवळून पाहा. पुढच्या बाजूला त्रिज्या 18 मिलिमीटर, मागच्या बाजूला 16, मधली लांबी 25, आणि छेद गोल धरू. हा कापलेल्या शंकूचाच तुकडा. उलगडला की सरळ पट्टी येत नाही. सुमारे 226 मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीत बसलेली, 113 मिलिमीटर लांबीची पट्टी येते. मध्यभागी टेकवून ठेवली तर तिची दोन्ही टोकं सात मिलिमीटर वर उचललेली दिसतात. त्रिज्येतला फरक फक्त दोन मिलिमीटर आणि कमान एवढी. हाताने अंदाजे कापणाऱ्यांची विमानं केळ्यासारखी वाकडी होतात ती इथेच: पट्टी सरळ कापली की पुढचा छेद तिरका बसतो, त्यावरचा पुढचा आणखी तिरका. हा हिशेब संगणकाने करावा आणि मी त्याचे आभार मानावेत, हे मला मान्य आहे.

पण किती कप्पे? जास्त पाडले तर आकार खऱ्याच्या जवळ जातो आणि सांध्यांची संख्या वाढते. कमी पाडले तर धडाला कोपरे दिसतात. याचं उत्तर गणितात नाही, खऱ्या विमानात आहे. तिथेही पत्रे कुठेतरी संपतात, रिव्हेटच्या रांगा असतात, इंजिनाचं आवरण जिथे धडाला मिळतं तिथे स्पष्ट रेघ असते. मी माझे सांधे शक्यतो त्या रेघांवर ठेवतो. मग कागदाची फट पत्र्याच्या फटीत लपून जाते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की मी मुद्दाम बारकावा दाखवलाय. कप्प्याची नळी जिथे बंद होते तो लांबीचा सांधा पोटाखाली जातो. शेपटीच्या जवळ मात्र तो वर घेतो, कारण मागच्या चाकावर बसलेलं हे विमान नाक वर करून उभं राहतं, आणि मुलं खाली बसून नेमकं शेपटीखालूनच बघतात.

नाक हा स्वतंत्र अध्याय आहे. एचटी-2 मध्ये ब्लॅकबर्नचं सायरस मेजर इंजिन, 155 अश्वशक्तीचं, उलटं बसवलेलं: क्रँकशाफ्ट वर आणि चार सिलिंडर खाली लोंबणारे. त्यामुळे पंख्याचा अक्ष वर राहतो, वैमानिकाला पुढचं दिसतं, आणि नाकाला खाली जड हनुवटी येते. ही हनुवटी पुढे वळते, आत वळते आणि बाजूलाही वळते. कागदाला हे जमायचं तर कडेपासून आत चिरा द्याव्या लागतात. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो ते याच कारणासाठी: सपाट कापडाला फुगीर जागेवर बसवायचं तर जास्तीचं कापड कुठेतरी काढून टाकावं लागतं. टक्स कुठे घालायचे, किती खोल आणि किती, यावरच फिटिंग ठरतं, आणि हे मोजपट्टीने ठरत नाही हे कुठलीही बाई सांगेल. हनुवटीला मी आधी सारख्या अंतरावर चिरा दिल्या होत्या, कारण सॉफ्टवेअरला सारखेपणा सोपा. आकार बरोबर आला, पण उजेड पडला की प्रत्येक चिरेजवळ एक कडा चमकायची. मग चिरा बाजूंवर कमी आणि खाली दाट केल्या, समोरून दिसणारा भाग जवळजवळ अखंड ठेवला. आकार गणिताच्या दृष्टीने आधीपेक्षा किंचित बिघडला. डोळ्यांना तो आधीपेक्षा खरा वाटतो. चूक शून्य करता येत नाही, एवढं एकदा पटलं की ती कुठे ठेवायची ते ठरवण्याची मोकळीक मिळते.

उलट बाजूचा त्रास मारुतने समजावला. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-24 मारुत ठेवलंय. कुर्ट टँक या जर्मन रचनाकाराच्या देखरेखीखाली एचएएलने बनवलेलं, 1961 मध्ये उडालेलं जेट. त्याचं धड पंखांपाशी कमरेसारखं आत घेतलंय, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध कमी होतो. त्या कमरेवर हात फिरवता आला तर कळेल: गोलाईच्या दिशेला ती बाहेर वळते आणि लांबीच्या दिशेला आत. घोड्याच्या खोगिराची वक्रता. इथे टक्स घालून भागत नाही, कारण कागद जास्त होत नसतो, कमी पडत असतो. चीर दिली की ती उघडते आणि आत पाचर भरावी लागते. एचटी-2 मध्ये हा त्रास पंख आणि धड यांच्या सांध्यापुरताच आहे, बोटभर जागा. तेवढ्या जागेसाठी किती कागद टाकला ते सांगत नाही.

आणि जाडी. पडद्यावरच्या पृष्ठभागाला जाडी नसते, कागदाला असते. जाडसर कार्डशीट 0.2 मिलिमीटरच्या आसपास भरतं. कप्पे एकमेकांना जोडायला आतून एक पट्टी लागते. तिचा घेर बाहेरच्या नळीपेक्षा सव्वा मिलिमीटर कमी हवा, नाहीतर ती आत बसताना दुमडते आणि फुगवटा बाहेर दिसतो. यातली मौज अशी की हा सव्वा मिलिमीटर नळीच्या व्यासावर अवलंबून नाही. पेन्सिलीएवढ्या शेपटीच्या टोकाला तोच आणि इंजिनाच्या आवरणालाही तोच, कारण तो जाडीला दोन पायने गुणलं की येतो. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. मग ते दोरी घेऊन बसतात. कागदाला ग्रेनही असते, म्हणजे तंतूंची दिशा. नळी त्या तंतूंच्या दिशेला अक्ष ठेवून वळवली तर गोल होते, आडवी वळवली तर बारीक भेगा पडून पैलू दिसतात. म्हणून पानावर भाग मांडताना कागद वाचवणं हा दुसरा विचार असतो. पेपाकुरा आपोआप मांडणी करून देतं तेव्हा ते कागद वाचवतं.

छपाईच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ या खुणेवर माझा वेगळा राग आहे. ती चालू राहिली की प्रिंटर सगळं सत्त्याण्णव टक्क्यांवर आणून ठेवतो. भाग एकमेकांशी जुळतात, म्हणून कुणाला कळतही नाही. फक्त आतल्या आडव्या चकत्या जाड पुठ्ठ्यावर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या दुकानात छापलेल्या असतात, आणि त्या धडात शिरत नाहीत. आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी शंभर मिलिमीटरची रेघ घालतो आणि तिच्याखाली ‘आधी ही मोजा’ असं लिहितो.

माझा भाचा सांगलीला मेकॅनिकल करतो. सुट्टीत आला की टेबलाशी उभा राहतो. गेल्या खेपेला म्हणाला, “मामा, एवढं मॉडेल तयार आहे ना तुझ्याकडे? फाइल दे, रात्रीत थ्रीडी प्रिंट काढतो. नाक-बिक सगळं गोल येईल.”

“येईल की,” मी म्हणालो. “काढ तू.”

त्याने काढलं. छान निघालं, धडाच्या प्रत्येक मिलिमीटरला माझ्याच आकड्यांशी इमान राखून. आम्ही दोघांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि त्यानेच विचारलं, “मग यात तुला काय कमी वाटतं?” कमी काहीच नव्हतं. पण प्रिंटरला त्या आकाराने काही विचारलं नाही. पत्रा कुठे संपतो, कुठला भाग आधी बसतो, शेपटीचे आडवे पृष्ठभाग लावण्याआधी मागची चकती का चिकटवली पाहिजे, यातलं काहीच त्याला लागत नाही. तो खालून वर थर चढवत जातो. कागदाचं विमान रचायचं तर ते विमान कसं बांधलं गेलं असेल ते मनात पुन्हा बांधावं लागतं. मला त्यात रस आहे. ज्याला शोकेसमध्ये ठेवायला विमान हवं, त्याने खुशाल प्रिंट काढावं. कागदच श्रेष्ठ असा माझा काही पंथ नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. ऍल्युमिनियमची चमक इंकजेटला येत नाही, करडा रंग छापला की तो निळसर होतो, आणि पडद्यावर पाहिलेला रंग कागदावर पाहायचा असेल तर त्याच कागदावर ठिपके छापून निवडणं याला पर्याय नाही. पंखांवरच्या वर्तुळांचे कडक केशरी-हिरवे रंग त्या मानाने सोपे. कापलेल्या कडांचा पांढरा रंग लपवायला जलरंगाचा ब्रश फिरवावा लागतो. तो आधी फिरवायचा, चिकटवल्यावर नाही.

शेवटचं काम म्हणजे दुसऱ्याला रचायला देणं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ हे आवडीने करतात. मी त्यांना नुसती पानं देतो, सूचना देत नाही. ते कुठे थांबतात ते पाहायचं असतं. त्यांनी एकदा पंखाचा आतला कणा धडात घालायच्या आधीच धड बंद केलं, आणि चूक त्यांची नव्हती: भागांचे क्रमांक मी सॉफ्टवेअरने दिले तसेच ठेवले होते, म्हणजे आकाराप्रमाणे, बांधणीप्रमाणे नाहीत. आता क्रमांक हातांच्या क्रमाने देतो. कणा 3, चकत्या 4 ते 9, मग कुठे धडाची कातडी.

काचेचं छत हे एचटी-2 ने सुदैवाने सोपं ठेवलंय. चौकटीत बसवलेल्या काचा, बहुतेक सपाट किंवा एकाच दिशेला वळलेल्या. पारदर्शक शीटवर चौकट छापली आणि दुमडली की काम होतं. पुढे किरण करायचं मनात आहे. तेही घाटग्यांच्या काळातलं, सप्टेंबर 1964 मध्ये उडालेलं जेट, दोन वैमानिक शेजारी-शेजारी बसणारं. त्यामुळे त्याचं छत रुंद आणि फुगीर, फुग्यासारखं उठलेलं. असं छत पत्र्याचं नसतंच. ऍक्रिलिक तापवून साच्यावर ओढलेलं असतं, म्हणजे ताणलेलं असतं, आणि ताणणं कागदाच्या स्वभावात नाही. त्याला पाकळ्या पाडून, नसलेल्या चौकटी आखून खोटे सांधे दाखवावेत असं मला वाटत नाही. तिथे साचा भाच्याच्या प्रिंटरवर काढायचा आणि बिस्किटांच्या पाकिटातला पातळ पारदर्शक ट्रे गरम करून त्यावर ओढायचा, एवढं ठरलंय. त्याला फोन केला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, साचा दोन-तीन टक्के लहान काढावा लागेल, प्लास्टिकला जाडी असते.